पोपचा सर्वाधिकार आद्य धर्मपित्यांच्या लिखाणात सापडतो का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नव्याने वाचणाऱ्यालाही धागा लागेल. तुम्ही वसईचे कॅथलिक, मैत्रीण पुण्याच्या प्रोटेस्टंट घरातली. रोमच्या बिशपाला, म्हणजे पोपला, साऱ्या ख्रिस्ती जगावर अधिकार आहे ही शिकवण पहिल्यापासूनची की मागाहूनची, यावर तुमचा वाद लागला. तुम्ही तिला क्लेमेंट, इग्नेशियस, इरेनियस, सिप्रियन आणि ऑगस्टीन या आद्य धर्मपित्यांची, म्हणजे पहिल्या काही शतकांतल्या ख्रिस्ती लेखकांची, वचनं पाठवलीत. तिने त्याच पाच जणांची उलट अर्थाची वचनं तुम्हाला पाठवली. आता तुम्ही विचारताय, आमच्यापैकी कोणाची अवतरणं खोटी?

एक सोडलं तर सगळी खरी आहेत. त्या एकाकडे पुढे येतो.

मी पंचवीस वर्षं, धर्मगुरू व्हायला आलेल्या मुलांना ख्रिस्तसभेचा प्राचीन इतिहास आणि लॅटिन शिकवलं. स्वतः कॅथलिक आहे, पोपला मानतो. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यातलं काही तुम्हाला आवडणार नाही आणि काही तुमच्या मैत्रिणीला.

वाद कशावर आहे ते पहिल्यांदा नेमकं करा. १८ जुलै १८७० रोजी पहिल्या व्हॅटिकन परिषदेने ठराव केला. ५३३ मतं बाजूने, २ विरोधात. विरोध असलेले पन्नासेक बिशप मतदानाआधीच रोम सोडून गेले होते. ठरावात दोन गोष्टी आहेत. पहिली, रोमच्या बिशपाला संपूर्ण ख्रिस्तसभेवर पूर्ण, सर्वोच्च आणि थेट अधिकार आहे. थेट म्हणजे मधल्या बिशपाला न विचारता, कुठल्याही धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत. दुसरी, आपल्या पदावरून श्रद्धेबाबत किंवा नीतीबाबत तो साऱ्या ख्रिस्तसभेसाठी अंतिम व्याख्या करतो तेव्हा ती अचूक असते. शिवाय हाच ठराव म्हणतो की ही विश्वव्यापी ख्रिस्तसभेची प्राचीन आणि अखंड श्रद्धा आहे. म्हणजे इतिहासाचा दावा शिकवणीच्या पोटातच आहे. त्यामुळे "इतिहास काहीही म्हणो, आम्ही मानतो" असं म्हणून कॅथलिक माणसाला सुटका नाही. तुम्ही धर्मपिते उघडलेत हे योग्यच केलंत.

आता जिन्याच्या चार पायऱ्या डोळ्यांपुढे आणा. येशूचा प्रमुख प्रेषित पेत्र रोमला गेला आणि तिथे हुतात्मा झाला, ही पहिली. रोमच्या ख्रिस्ती समाजाला इतर समाज विशेष मान देत, ही दुसरी. रोमचा एक बिशप पेत्राच्या जागी बसलेला आहे आणि म्हणून त्याच्या शब्दाला वेगळं वजन आहे, ही तिसरी. आणि त्या बिशपाचा हुकूम ग्रीसमधल्या करिंथपासून उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजपर्यंत सगळीकडे चालतो आणि त्याची व्याख्या चुकू शकत नाही, ही चौथी. बहुतेक भांडणं होतात ती अवतरण दुसऱ्या पायरीचं असतं आणि निष्कर्ष चौथीवर जाऊन बसतो म्हणून. तुमच्या यादीत हे चार ठिकाणी झालं आहे. तुमची मैत्रीण याच्या उलट करते. चौथी पायरी दिसली नाही की ती दुसरी आणि तिसरीही खोटी ठरवते.

मान वेगळा आणि कारभार वेगळा, हे तुमच्या पणजोबांच्या पिढीला समजावून द्यावं लागलं नसतं. १९व्या शतकात मुंबई इलाख्यातले कॅथलिक पाद्रोआदो आणि प्रोपागंडा अशा दोन गटांत विभागले गेले होते. एक गट पोर्तुगालच्या राजाच्या हक्काने नेमलेल्या बिशपांचा आणि गोव्याच्या आर्चबिशपांचा, दुसरा थेट रोमने पाठवलेल्या बिशपांचा. पाद्रोआदोवाले पोपला मानत नव्हते असं नाही, पण आमच्या चर्चवर हुकूम कोणाचा, हा त्यांचा प्रश्न होता. एकाच मुंबईत दोन अधिकारक्षेत्रं, हा प्रकार १९२८ मध्ये संपला. तिसऱ्या शतकातलं कार्थेज समजून घ्यायचं तर हे चित्र मनात असू द्या.

आता क्लेमेंट. साधारण इ.स. ९६ च्या सुमारास रोमहून करिंथला पत्र गेलं. करिंथमध्ये काही जणांनी बंड करून वडिलांना, म्हणजे मंडळीच्या ज्येष्ठ पुढाऱ्यांना, पदावरून काढलं होतं. त्यांना परत घ्या, असं रोम सांगतं. तुम्ही उद्धृत केलेलं ५९व्या अध्यायातलं वाक्य खरं आहे: देवाने आमच्याद्वारे सांगितलेलं जे ऐकणार नाहीत ते मोठ्या अपराधात आणि संकटात पडतील. हा साधा शेजारधर्माचा सल्ला नाही, आवाजात जरब आहे. पत्राबरोबर रोमने आपली तीन माणसं पाठवली, त्यांची नावंही शेवटी आहेत. दूरच्या समाजाचं भांडण हे आपलं काम आहे असं रोमला वाटत होतं, हे कोणी नाकारू नये. पुढे १७०च्या सुमारास करिंथचा बिशप डायोनिसियस रोमला लिहितो की तुमचं ते जुनं पत्र आम्ही अजून प्रभूच्या दिवशी वाचतो. करिंथने त्याचा राग धरला नाही, पत्र जपलं.

पण त्याच पत्राची पहिली ओळ वाचा. लिहिणारा "मी क्लेमेंट, रोमचा बिशप" असं म्हणत नाही. "रोममध्ये प्रवासी म्हणून राहणारी देवाची मंडळी, करिंथमध्ये प्रवासी म्हणून राहणाऱ्या देवाच्या मंडळीला" असा मायना आहे. संपूर्ण पत्रात "आम्ही" आहे. क्लेमेंट हे नाव एकदाही येत नाही, ते परंपरेने दिलेलं आहे. पेत्राच्या वारशाचा आधारही कुठे घेतलेला नाही. आणि "अध्यक्ष" (म्हणजे बिशप) व "वडील" हे शब्द या पत्रात एकमेकांच्या जागी येतात. ग्रेगोरियन विद्यापीठात शिकवलेले जेझुइट फ्रान्सिस सलिव्हन यांच्यासारखे कॅथलिक अभ्यासकही मान्य करतात की रोममध्ये त्या वेळी एकटा बिशप नसून वडिलांचं मंडळ असावं. त्यामुळे हे पत्र दुसऱ्या पायरीचं, आणि त्या पायरीचं फार भक्कम साक्षीदार.

इग्नेशियसवर फार वेळ घालवू नका. अंत्युखियाचा हा बिशप दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला साखळदंडात रोमकडे नेला जात असताना सात पत्रं लिहितो. इतर पत्रांत "बिशपाला धरून राहा" हे त्याचं पालुपद आहे. रोमच्या पत्रात मात्र तो "प्रीतीत अध्यक्षस्थानी असलेली" असं रोमच्या मंडळीचं मनापासून कौतुक करतो आणि तिथल्या बिशपाचं नाव काढत नाही. पत्रं वाचताना आवृत्ती तेवढी तपासा. मध्ययुगात त्यांची फुगवलेली प्रत फिरत होती, मूळ रूप १७व्या शतकात वेगळं काढलं गेलं.

इरेनियसपाशी मात्र थांबायला हवं. १८७०च्या ठरावाने ज्याचा आधार घेतला ते वाक्य त्याचंच. ल्योंचा हा बिशप १८०च्या सुमारास पाखंडी मतांविरुद्ध लिहितो. त्याचा युक्तिवाद असा: तुम्ही म्हणता प्रेषितांनी गुप्त ज्ञान दिलं, तर प्रेषितांनी स्थापलेल्या मंडळ्यांत जाऊन विचारा, तिथे बिशपांची साखळी आहे. सगळ्यांची यादी द्यायला जागा नाही म्हणून पेत्र आणि पौल यांनी घातलेल्या रोमच्या मंडळीची देतो. लिनसपासून एल्युथेरसपर्यंत बारा नावं. आणि मग ते वाक्य: या मंडळीशी, तिच्या "पोतेन्तिओर प्रिन्सिपालितास"मुळे, प्रत्येक मंडळीने "कोन्वेनिरे" करणं आवश्यक आहे.

इरेनियसने ग्रीकमध्ये लिहिलं. या ठिकाणचं ग्रीक हरवलं आहे, हाती आहे ते जुनं लॅटिन भाषांतर. "कोन्वेनिरे" म्हणजे सहमत होणं की एकत्र येणं? दोन्ही होतं. सहमत होणं घेतलं तर रोम ही कसोटी ठरते. एकत्र येणं घेतलं तर अर्थ असा की राजधानी म्हणून सगळीकडची माणसं तिथे येतात, म्हणून तिथे सर्वांची परंपरा शाबूत राहते. वाक्याची शेपटी, "सगळीकडच्या लोकांनी तिथे प्रेषितांची परंपरा जपली आहे", दुसऱ्या अर्थाकडे झुकते. पण "आवश्यक आहे" हा शब्द पहिल्याकडे ओढतो. "पोतेन्तिओर" म्हणजे अधिक प्रबळ, पण "प्रिन्सिपालितास" म्हणजे सत्ता, अग्रमान की मूळ? त्यामागे कुठला ग्रीक शब्द होता यावर शतकभर पानंच्या पानं लिहिली गेली. तुम्ही पाठवलेल्या इंग्रजी भाषांतरात "अधिकार" असा शब्द आहे, तो भाषांतरकाराचा निर्णय आहे. मी वर्गात हे वाक्य फळ्यावर लॅटिनमध्ये लिहायचो, मुलांना शब्दकोश द्यायचो आणि मराठीत उतरवायला सांगायचो. तासाभराने वर्गात तीन वेगळे अर्थ तयार असायचे आणि तिन्ही व्याकरणात बसायचे. ज्या वाक्याचं ग्रीक आपल्याजवळ नाही त्यावर चौथ्या पायरीचा भार टाकू नये, असं माझं मत आहे. तरी रोमची साखळी इरेनियसला इतरांहून अधिक वजनाची वाटली, हे मैत्रिणीला मानावंच लागेल. त्यानंतर लगेच तो स्मुर्णा आणि इफिस यांचीही साक्ष काढतो, पण त्यांच्याबद्दल "आवश्यक" हा शब्द वापरत नाही.

यानंतर दहाएक वर्षांत रोमचा बिशप व्हिक्टर याने ईस्टरच्या तारखेवरून आशियातल्या, म्हणजे आजच्या पश्चिम तुर्कस्तानातल्या, मंडळ्यांशी संबंध तोडायचा घाट घातला. इफिसच्या पॉलिक्रॅटिसने ठणकावून उत्तर दिलं: माझे सात नातलग बिशप होते, मी आठवा, प्रभूमध्ये पासष्ट वर्षं काढली आहेत, धमक्यांना भीत नाही. इरेनियसने, रोमला मानणाऱ्या याच इरेनियसने, व्हिक्टरची कानउघाडणी केली. तुमची बाजू म्हणते, "तुला अधिकारच नाही असं कोणी म्हणालं नाही, फक्त असं करू नकोस म्हणाले." बरोबर. पण त्या काळी कुठलाही बिशप कुठल्याही बिशपाशी सहभागिता, म्हणजे धार्मिक एकोपा, तोडू शकत होता. तेवढ्यावरून सार्वभौम अधिकार सिद्ध होत नाही. आणि आशियाने आपली तारीख सोडली नाही.

आता सिप्रियन. तुमच्या दोघांच्या यादीत सर्वांत जास्त वचनं त्याची आहेत आणि ते साहजिक आहे. कार्थेजचा हा बिशप २५८ मध्ये हुतात्मा झाला. त्याने २५१ मध्ये ख्रिस्तसभेच्या ऐक्यावर छोटा ग्रंथ लिहिला. त्याचा चौथा अध्याय हस्तलिखितांत दोन रूपांत मिळतो. एका रूपात "पेत्राला अग्रमान दिला आहे" असं आहे आणि "ज्याच्यावर ख्रिस्तसभा उभारली त्या पेत्राचं पीठ जो सोडतो, तो आपण ख्रिस्तसभेत आहोत असं कसं समजतो?" असा प्रश्न आहे. दुसऱ्या रूपात ही वाक्यं नाहीत. ऐक्याची सुरुवात एकापासून झाली, पण बाकीचे प्रेषितही पेत्रासारखेच, मान आणि सत्तेत बरोबरीचे, असा सूर आहे.

तरुणपणी एका व्याख्यानात मी पहिलं रूप वाचून दाखवलं आणि दुसरं असल्याचा उल्लेखही केला नाही. मला ठाऊकच नव्हतं. व्याख्यानानंतर माझ्या वृद्ध शिक्षकांनी मला ग्रंथालयात नेलं, जाड खंड उघडला आणि एकाच पानावरचे दोन स्तंभ दाखवले. काही बोलले नाहीत, बोट तेवढं एका स्तंभावरून दुसऱ्यावर नेलं. त्या दिवसापासून मी अवतरणांच्या तयार याद्या वापरणं बंद केलं.

पहिलं रूप रोमच्या बाजूच्या कोणीतरी मागाहून घुसडलं, असं पूर्वी पुष्कळ जण म्हणत. विसाव्या शतकात जॉन चॅपमन आणि मग मॉरिस बेव्हनो यांनी हस्तलिखितं ताडून दाखवलं की दोन्ही रूपं सिप्रियनचीच असावीत. बेव्हनोंच्या मते पहिलं आधी लिहिलं आणि रोमचा बिशप स्टीफन याच्याशी बिनसल्यावर लेखकाने स्वतःच अध्याय बदलला. हे बहुतेकांनी स्वीकारलं आहे. म्हणजे ज्या माणसाने "पेत्राचं पीठ" लिहिलं त्याच्या मनात त्याचा अर्थ रोमची हुकमत असा नव्हता, आणि रोम तसा अर्थ घेत आहे हे दिसताच त्याने शब्द काढून घेतले. सिप्रियनसाठी प्रत्येक बिशप आपापल्या गावात पेत्राच्या पीठावर बसलेला असतो.

पत्रं याहून बोलकी आहेत. ५९व्या पत्रात तो रोमला "पेत्राचं पीठ, जिथून बिशपांचं ऐक्य उगवलं ती मुख्य मंडळी" म्हणतो. हे वचन तुमच्या यादीत आहे. पण ते कुठल्या वाक्यात येतं? कार्थेजमध्ये दोषी ठरलेली माणसं जहाजात बसून त्या पीठाकडे दाद मागायला गेली, ही तक्रार करताना. आणि पुढच्याच ओळींत तो म्हणतो की गुन्हा जिथे झाला तिथेच खटला चालावा. गौरव आणि तक्रार एकाच श्वासात आहेत. मग ६७ आणि ६८ ही दोन पत्रं एकापाठोपाठ वाचा. ६७व्यात स्पेनमधला पदच्युत बिशप बॅसिलिडिस रोमला जाऊन स्टीफनकडून आपली पुनर्स्थापना करून आणतो. सिप्रियन आणि आफ्रिकेचे बिशप स्पेनला कळवतात: स्टीफन दूर होता, त्याला फसवलं गेलं, तुमचा नवा बिशपच खरा. ६८व्यात तोच सिप्रियन त्याच स्टीफनला गळ घालतो की आर्लचा बिशप मार्सियन फुटीर पंथाला मिळाला आहे, तू गॉलला (आजच्या फ्रान्सला) पत्र लिही म्हणजे त्याला काढून दुसरा नेमता येईल. ६७ तुमची मैत्रीण दाखवते, ६८ तुम्ही. दोन्ही एकत्र धरल्यावर जे दिसतं ते तुमच्या दोघांच्याही चौकटीत बसत नाही: रोमच्या पत्राला गॉलमध्ये असं वजन आहे जे कार्थेजच्या पत्राला नाही, आणि रोमचा निर्णय चुकीचा वाटला तर तो बाजूला ठेवता येतो.

२५६ मध्ये पाखंड्यांनी दिलेल्या बाप्तिस्म्यावरून दोघांचं फाटलंच: तो ग्राह्य आहे असं स्टीफन म्हणे, पुन्हा द्यायला हवा असं सिप्रियन. १ सप्टेंबरला कार्थेजमध्ये ८७ बिशप जमले आणि सिप्रियनने सुरुवातीलाच सांगितलं, आपल्यापैकी कोणी स्वतःला बिशपांचा बिशप म्हणवून घेत नाही. कप्पदुकियातल्या कैसरियाचा बिशप फर्मिलियन याचं पत्र तर जळजळीत आहे. स्टीफन आपल्या पदाच्या स्थानाची फुशारकी मारतो, आपल्याकडे पेत्राचा वारसा आहे म्हणतो आणि फूट पाडतो. गंमत नव्हे, पण या विरोधकाच्या पत्रामुळेच आपल्याला कळतं की रोमच्या बिशपाने पेत्राचा वारसा स्वतःसाठी उघडपणे सांगायला सुरुवात केली होती. इतका स्पष्ट दावा याआधीच्या कुठल्या कागदात दिसत नाही. म्हणजे तिसरी पायरी २५६ मध्ये नक्की आहे, आणि ती पूर्वेच्या एका मोठ्या बिशपाला मान्य नाही हेही नक्की. इथे मैत्रिणीला आणखी एक गोष्ट सांगा. बाप्तिस्म्याच्या त्या वादात पुढे ख्रिस्तसभेने स्टीफनचीच बाजू घेतली. ३१४ मध्ये आर्लच्या परिषदेने आफ्रिकेची चाल बदलायला लावली. उत्तर आफ्रिकेतल्याच हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याला सिप्रियनबद्दल नितांत आदर होता, तरी त्याला लिहावं लागलं की या बाबतीत तो चुकला.

ऑगस्टीनवर आलोच आहोत तर ते एक खोटं अवतरण. "रोम बोललं, प्रकरण संपलं" हे शब्द त्याने या रूपात कधी उच्चारले नाहीत. ४१७ मधल्या १३१व्या प्रवचनात, पेलेजियस नावाच्या धर्मशिक्षकाच्या मतांविरुद्ध बोलताना, तो म्हणतो: या प्रकरणी दोन परिषदांचे ठराव प्रेषितीय पीठाकडे (म्हणजे रोमकडे) गेले, तिकडून उत्तरंही आली, प्रकरण संपलं, ही चूकही कधीतरी संपो. रोमच्या उत्तराला तो मोठं महत्त्व देतो यात शंका नाही. पण आधी आफ्रिकेच्या परिषदा आहेत, मग रोमची मान्यता. आणि नंतर पोप झोसिमस पेलेजियसच्या बाजूने डळमळले तेव्हा आफ्रिकेचे बिशप गप्प बसले नाहीत. ४१८ मध्ये पुन्हा परिषद भरवून त्यांनी निषेध केला आणि झोसिमसना परत यावं लागलं.

त्याच सुमाराची एक गोष्ट दोन्ही पक्ष सहसा सांगत नाहीत, आणि मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. सिक्का गावचा अपियारियस नावाचा धर्मगुरू बिशपाने बहिष्कृत केल्यावर रोमला गेला. झोसिमसनी त्याची बाजू घेतली आणि दूत पाठवून सांगितलं की ३२५च्या निकियाच्या परिषदेच्या नियमांनुसार रोमकडे दाद मागता येते. आफ्रिकेच्या बिशपांनी आपल्याजवळची निकियाची प्रत काढली. त्यात तो नियम नव्हता. त्यांनी काय केलं? ४१९च्या परिषदेत ठरवलं की कॉन्स्टँटिनोपल आणि अलेक्झांड्रियाहून अस्सल प्रती मागवू. तोवर तुमचा शब्द मानून चालतो. प्रती आल्या. नियम नव्हता. तो होता ३४३च्या सर्दिका परिषदेचा, रोमच्या हस्तलिखितांत निकियाच्या नियमांना जोडून लिहिलेला. लबाडी नव्हती, नकलेतली सरमिसळ होती. पुढे आफ्रिकेने पोप सेलेस्टिनना आदराने पण स्पष्ट लिहिलं की आमचे खटले इथेच संपू द्या. आता हे पाहा. सर्दिकाच्या त्या नियमात खरोखरच रोमकडे अपील आहे, आणि कारणही दिलं आहे: पेत्राच्या स्मृतीचा मान राखावा म्हणून. म्हणजे ३४३ मध्ये पश्चिमेच्या बिशपांनी रोमला अपिलाचा हक्क दिला. पण परिषदेने दिला. आणि ४१९ मध्ये "आम्ही पेत्राचे वारस आहोत, एवढं पुरे" असं न म्हणता रोमने परिषदेचा नियम पुढे केला. उपजत, थेट अधिकार सर्वमान्य असता तर नियमाचा कागद शोधावा लागला नसता.

"तू पेत्र आहेस आणि या खडकावर मी माझी ख्रिस्तसभा उभारीन" या येशूच्या वचनातल्या "खडक" या शब्दावरही तुम्ही बरंच भांडलात. तिच्या तोंडी "मंडळी", तुमच्या तोंडी "ख्रिस्तसभा"; भाषांतरातच तुमचे रस्ते वेगळे होतात. अरामीतल्या "केफा" या एका शब्दाची कोटी ग्रीकमध्ये पेत्रोस–पेत्रा अशी निम्मी उरते, आणि मराठीत पेत्र व खडक यांत तर काहीच नाद उरत नाही. १८७०च्या परिषदेला आलेले सेंट लुईसचे आर्चबिशप केनरिक यांनी, न झालेल्या पण छापलेल्या भाषणात जुनी मोजदाद दिली होती: खडक म्हणजे पेत्र म्हणणारे १७ धर्मपिते, पेत्राची श्रद्धा म्हणणारे ४४, ख्रिस्त म्हणणारे १६, सगळे प्रेषित म्हणणारे ८. मैत्रिणीने हेच आकडे पाठवले आहेत. पण एकच धर्मपिता एकाहून अधिक अर्थ सांगतो, म्हणून डोकी मोजून निकाल लागत नाही. ऑगस्टीनने म्हातारपणी लिहिलं की आधी मी पेत्र म्हणालो होतो, नंतर बरेचदा ख्रिस्त; वाचकाने अधिक पटेल ते घ्यावं. ज्या वचनावर सगळी इमारत उभी आहे असं नंतर सांगितलं गेलं, त्याचा अर्थ ऑगस्टीन वाचकावर सोपवतो.

खाल्सिदोनची परिषद लवकर आटोपतो. ४५१ मध्ये पोप लिओंचं पत्र वाचल्यावर बिशपांनी "लिओच्या मुखाने पेत्र बोलला" असा घोष केला. त्याच घोषात "सिरिलनेही (अलेक्झांड्रियाच्या आधीच्या बिशपाने) हेच शिकवलं" असंही होतं, आणि नंतर शंका असलेल्या बिशपांसाठी ते पत्र सिरिलच्या लिखाणाशी ताडून पाहायला वेळ दिला गेला. त्याच परिषदेने २८व्या नियमात लिहिलं की रोमला मान मिळाला तो राजधानी म्हणून, तसाच आता कॉन्स्टँटिनोपलला. लिओंनी तो नियम फेटाळला.

आणखी एक सावधगिरी. आपल्या बाजूला बनावट कागदांचा जुना आजार आहे. नवव्या शतकातले खोटे पोपादेश, सम्राट कॉन्स्टंटाइनने पोपला सत्ता बहाल केल्याचं खोटं दानपत्र. ते दानपत्र १४४० मध्ये लोरेंझो व्हालाने भाषेच्या पुराव्यावर उघडं पाडलं. थॉमस अक्विनाससारखा मोठा धर्मपंडितही १२६०च्या दशकात ग्रीक धर्मपित्यांच्या बनावट वचनांना फसला, कारण त्याच्या हाती आलेलं संकलनच दूषित होतं. त्याच्याजवळ तपासायला साधन नव्हतं. आपल्याजवळ आहे.

मग माझा निर्णय? पहिल्या साडेचार शतकांत पहिली आणि दुसरी पायरी भक्कम आहे. तिसरी तिसऱ्या शतकाच्या मध्यावर दिसते आणि पश्चिमेत वाढत जाते. चौथी, १८७०च्या शब्दांत, तिथे नाही. क्लेमेंटला नव्हती माहीत, सिप्रियनने नाकारली असती, ऑगस्टीनला ती कोड्यात टाकणारी वाटली असती. म्युनिकचे इतिहासकार डॉलिंगर एवढ्यावर थांबले, ठराव मानला नाही आणि १८७१ मध्ये बहिष्कृत झाले. अँग्लिकन पंथ सोडून कॅथलिक झालेले इंग्रज धर्मपंडित न्यूमन यांनी दुसरा रस्ता घेतला होता. १८४५ मध्येच त्यांनी मांडलं की शिकवण बीजासारखी वाढते, म्हणून बिजात फांद्या शोधू नका. ही वाढ त्याच झाडाची आहे का ते पाहा. मी न्यूमन यांच्या रस्त्याने जातो. पण त्या रस्त्याने जाणाऱ्याला "पहिल्यापासून सगळे हेच मानत होते" हे वाक्य सोडावं लागतं. दोन्ही हाती धरता येत नाहीत. आणि वाढ खरी की भरकटलेली, हे धर्मपित्यांच्या ओळी ठरवू शकत नाहीत, कारण तो प्रश्नच त्यांच्यापुढे नव्हता. तो तुम्हाला आणि तिला वेगळा लढवावा लागेल.

तिलाही हे विचारा. नव्या कराराची २७ पुस्तकं, नेमकी तेवढीच, अशी यादी प्रथम अलेक्झांड्रियाचा बिशप अथानासियस याच्या ३६७च्या पत्रात मिळते. पुत्र पित्याशी "समतत्त्व" आहे हा शब्द ३२५ मध्ये निकियात आला, आणि पुष्कळांना तो आवडला नव्हता. मागाहून शब्दांत आलं म्हणून खोटं, ही मोजपट्टी ती इथे लावणार का? नसेल तर पोपबाबत वेगळी का लावते, ते तिने सांगावं. तिच्याजवळ उत्तर असू शकेल: सिप्रियनसारख्यांनी जे स्पष्ट नाकारलं त्याला वाढ कसं म्हणायचं? हा प्रश्न खरा आहे आणि त्याला मी हलकं घेत नाही. २००७च्या रावेन्ना निवेदनात कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स प्रतिनिधींनी मान्य केलं की पहिल्या सहस्रकात क्रमाने रोम पहिलं होतं. त्या पहिलेपणात कोणते हक्क येतात यावर अजून एकमत नाही.

आता दोघांनी याद्या बाजूला ठेवा. क्लेमेंटचं पत्र एका बैठकीत मोठ्याने वाचा, दोन-अडीच तास लागतील. मग युसेबियस या चौथ्या शतकातल्या बिशपाने लिहिलेल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासातल्या पाचव्या पुस्तकाचे २३ ते २५ अध्याय. मग सिप्रियनची ५९, ६७, ६८ आणि ६९ ते ७५ ही पत्रं, मधलं एकही न गाळता. ७५वं फर्मिलियनचं आहे. ते वाचताना ध्यानात ठेवा की स्टीफनचं मूळ पत्र आपल्याला मिळालेलं नाही. त्याचे जे मोजके शब्द उरले आहेत ते सगळे सिप्रियन आणि फर्मिलियन यांनी खोडून काढण्यासाठी उतरवून घेतलेले आहेत.